नकाशावरचे २० किलोमीटर

प्रश्न: आम्ही चौघं पाच दिवसांचा ट्रेक करायचा म्हणतोय, वाटेत गाव नाही, रेंज नाही, सगळं सामान पाठीवर. नकाशावर रोजचे २० किलोमीटर सहज वाटतायत, जमेल ना?

उत्तर: सपाटीवर जमेल हो, पण डोंगरात नुसते किलोमीटर मोजून भागत नाही, चढ मोजावा लागतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच सांगून ठेवलंय, दर ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास धरायचा. म्हणजे २० किलोमीटर आणि त्यात १२०० मीटर चढ असेल तर ६ तास झाले, आणि तेही न थांबता, तुमच्या पाठीवर तर पाच दिवसांचं जेवण, तंबू सगळं असणार, त्यामुळे मी तरी दिवसाला १२-१३ च्या वर धरणार नाही. एक दिवस जास्तीचा ठेवाच, त्याचं जेवणही घ्या.

बर्फाचं पाणी येणारे ओढे सकाळी लवकर ओलांडा, दुपारी ऊन लागलं की पाणी चढतं. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. थंडीत मोबाइलची बॅटरी पटकन उतरते, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, पण कागदी नकाशा हवाच.

आणि हो, कुठून जाणार, मुक्काम कुठे, कधीपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची, हे घरच्या कुणाला तरी द्या. तोंडी नको, लिहूनच.