झाडे हिरवी, पण जमीन उघडी : चराईचे रान कसे तपासावे?

प्रश्न : आमच्या कमी पावसाच्या झुडपी रानात गुरे आणि शेळ्या चरतात. झाडे हिरवी आहेत, पाऊस पडला की गवतही उगवते. तरी चारा दरवर्षी लवकर संपतो. रान बिघडतेय का, हे कसे ओळखायचे?

उत्तर : झाडांवरून अंदाज बांधू नका. त्यांची मुळे खोल असतात, वरची माती धुपली तरी ती बरीच वर्षे तग धरतात. पावसानंतरच्या हिरवळीतही हंगामी गवतच जास्त असू शकते. तेव्हा जमीन किती उघडी आहे ते मोजा, तेही पावसाळ्याच्या तोंडावर.

पाणवठा आणि गुरवाट टाळून उताराच्या दिशेने ५० मीटर टेप अंथरा. दर अर्ध्या मीटरला टोकदार तार सरळ खाली सोडा आणि टोक कशावर टेकले ते लिहा : गवताचे ठोंब, पालापाचोळा, दगड, शेण की नुसती माती. अशा १०० नोंदींपैकी नुसत्या मातीच्या जितक्या, तितके टक्के जमीन उघडी. झाडाखालच्या नोंदींवर खूण करा; तिथे पाचोळा जास्त असल्याने सरसकट हिशेब फसवा निघतो. काळपट खपलीवर थोडे पाणी शिंपडून बघा. हिरवट झाली तर ते शेवाळ, माती धरून ठेवणारे. ते उघड्यात धरू नका. थेंबांच्या माऱ्याने बसलेला गुळगुळीत पापुद्रा मात्र उघडाच, त्यात पाणी फारसे मुरत नाही.

नुसत्या टक्केवारीवर माझा फारसा भरवसा नाही. उघडी जमीन ठोंबांमध्ये तुकड्यातुकड्यांनी असेल तर पाणी, गाळ आणि बी जागोजागी अडते. तेवढीच उघडी जमीन उताराला सलग असेल तर पाणी वेग घेते आणि सगळे घेऊन जाते. म्हणून टेपखालच्या प्रत्येक उघड्या पट्ट्याची लांबीही लिहा. ठोंब मातीच्या चबुतऱ्यावर बसल्यासारखे दिसले, मुळे बाहेर आली असतील, तर भोवतीची माती गेलेली आहे.

दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दरवर्षी त्याच महिन्यात त्याच रेषेवर मोजा. शेजारी छोटा तुकडा कुंपण घालून राखा. दोन-तीन वर्षांत आतली जमीन झाकली आणि बाहेरची तशीच राहिली, तर दोष पावसाचा नाही, चराईचा. मग पहिल्या पावसापासून बहुवार्षिक गवताचे बी झडेपर्यंत रानाचा एकेक भाग आळीपाळीने बंद ठेवा. लांब उघड्या पट्ट्यांवर उताराला आडव्या काटेरी फांद्या टाका. गाळ आणि बी अडते, जनावरही तोंड घालत नाही.