1930 च्या सुमाराचे हॉलिवूडचे गँगस्टर पिक्चर लोकांना अजून का आवडतात?

कारण त्यातला गुंड वाईट आहे हे माहीत असूनही त्याच्यावरून नजर हटत नाही. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी, त्यात मंदी, लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या, आणि पडद्यावर गरीब वस्तीतला पोरगा भारी सूट घालून कुणालाच जुमानत नाही, शेवटी मरतो ते वेगळं. 1931 चा 'द पब्लिक एनिमी' बघाच, त्यात गुंड झालेला जेम्स कॅग्नी मुळात स्टेजवरचा डान्सर, त्यामुळे त्याचं नुसतं चालणंसुद्धा बघत राहावं असं, आणि भर पावसात तो दुसऱ्या टोळीच्या अड्ड्यात शिरतो तेव्हा कॅमेरा बाहेरच थांबतो, आपल्याला फक्त गोळ्यांचे आवाज, काय जबरदस्त सीन आहे तो! फक्त 1934 च्या मध्यापासून सेन्सॉरशिप कडक झाली, तेव्हा ही धार हवी असेल तर त्याआधीचेच शोधा.