होमलोनच्या खात्यात ३० लाख ठेवले आणि बँक बुडाली तर?

प्रश्न: लालबागची चाळीतली खोली विकली, टॅक्सचे बाजूला काढून ४० लाख हातात राहतायत. मुलुंडच्या फ्लॅटचं लोन अजून ४६ लाख बाकी आहे, रेट ८ टक्के. लंडनचा चुलतभाऊ म्हणतो तिकडे ऑफसेट मॉर्गेज असतं, पैसे लोनला जोडून ठेवायचे, व्याज वाचतं आणि लागले तर काढता पण येतात. आपल्याकडे असं मिळतं का? पण एवढे पैसे एकाच बँकेत ठेवले आणि ती बुडाली तर? सासऱ्यांचे एका सहकारी बँकेत अडकले होते, ते म्हणतात इन्शुरन्स फक्त ५ लाखांचा. उरलेले त्यांच्या ओळखीच्या पतपेढीत टाकू का, ९ टक्के देतात.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: मिळतं, बँकेत जाऊन ओव्हरड्राफ्टवालं होमलोन आहे का विचारा, स्टेट बँकेचं मॅक्सगेन त्यातलंच. तुम्ही ३० लाख टाकले की व्याज ४६ वर नाही, १६ लाखांवर लागतं, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार वाचले. तेच ३० लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकले तर १ लाख ९५ हजार मिळणार, आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर टॅक्स आणि सेस जाऊन जेमतेम १ लाख ३४ हजार उरणार. वाचलेल्या व्याजावर टॅक्स नाही कारण ती कमाईच नाही. फक्त तुमचं आत्ताचं लोन साधं टर्म लोन असेल, म्हणजे भरलेले पैसे परत काढता येत नसतील, तर ते बदलून किंवा दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करून घ्यावं लागेल, त्याचा खर्च आणि थोडा जास्त रेट धरून मगच हिशोब करा.

आता बुडण्याचं. भावाचं गणित इथे लावू नका. तिकडे १ डिसेंबर २०२५ पासून एका माणसाला एका बँकेमागे १ लाख २० हजार पौंडांचं संरक्षण आहे, आधी ८५ हजार होतं, वर घर विकून आलेल्या पैशांना ६ महिने १४ लाख पौंडांपर्यंत कव्हर, आणि भरपाई देताना लोन वजा करत नाहीत. आपल्याकडे डीआयसीजीसीचे, म्हणजे ठेवींचा विमा देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचे ५ लाख, तेही मुद्दल आणि व्याज मिळून, सगळ्या ब्रँचेस एकत्र धरून. फेब्रुवारी २०२० च्या आधी तर १ लाखच होते. खोली विकून आलेत म्हणून वेगळी सवलत वगैरे काही नाही. आणि इथे बँकेचं देणं आधी तुमच्या ठेवीतून वळतं करून घेतात.

पण हे वळतं करणंच तुमच्या बाजूचं आहे, आणि नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही. ओव्हरड्राफ्टमध्ये टाकलेले ३० लाख ही ठेव नाहीच, तुमचं कर्ज तेवढं कमी झालंय. त्या दिवशी बँक तुम्हाला काही देणं लागत नाही, तुम्हीच तिला १६ लाख देणं लागता, मग ५ लाखांच्या लिमिटचा प्रश्न येतोच कुठे! हां, बाकी कर्जापेक्षा जास्त टाकलेत तर वरचे पैसे मात्र ठेवच धरले जातील, म्हणजे ५ लाखांच्या पुढचे उघड्यावर, म्हणून ते करू नका.

खरी भीती पैसे जाण्याची नाही, अडकण्याची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हला तर आधी काहीच काढू देत नव्हते, मग २५ हजार. आणि हे फक्त सहकारी बँकांचंच असं समजू नका, मार्च २०२० मध्ये येस बँकेवर ५० हजारांची मर्यादा लागलीच होती, ती दोन आठवड्यांत उठली ते नशीब. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यानंतर इन्शुरन्सचे पैसे ९० दिवसांत मिळायची सोय झालीय, पण ती ठेवींसाठी, तुमच्या ओव्हरड्राफ्टचं लिमिट गोठलं तर त्याला लागू नाही. शिवाय बँक अगदी ठणठणीत असली तरी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून काढता येणारी कमाल रक्कम, दर महिन्याला खाली येते आणि लिमिट कमी करायचा अधिकार बँकेकडे असतो. मुलीची फी, हॉस्पिटल असले खर्च त्या एका खात्यावर टांगून ठेवू नका.

म्हणून ३० लाख लोनमध्ये आणि १० लाख दुसऱ्या दोन बँकांत, असं मी करेन. एका बँकेत तुमच्या नावावर, दुसरीत बायकोच्या, आणि प्रत्येकी ५ लाख पूर्ण भरू नका, साडेचारच्या आसपास थांबा म्हणजे व्याजही कव्हरमध्ये बसेल. जॉइंट खातं वेगळं मोजतात, त्यामुळे वरचे लाखभर तिथे टाका.

पतपेढीला सरळ नाही म्हणा. पतसंस्थेला डीआयसीजीसीचं कव्हर अजिबातच नाही, ५ लाखांचं सोडा, ५ रुपयांचंही नाही. सासऱ्यांना राग येईल, येऊ दे, ९ टक्के का देतायत ते त्यांनाच विचारायला सांगा. त्यांचे स्वतःचे पैसे तिथे असतील तर मुदत संपली की काढून पोस्टात टाका, तिथे सरकारची हमी आहे आणि सीनियर सिटीझन स्कीमचं व्याजही बरं असतं.