मेपलच्या रसासाठी घरगुती चुलवण : केवढं, कशाचं आणि विकतचं की बांधलेलं?

फेब्रुवारीअखेरीस मेपलच्या खोडाला भोक पाडून तोटी बसवतात आणि तिच्यातून ठिबकणारा गोड रस आटवून सिरप करतात. या हंगामासाठी तीन घरांतून प्रश्न आले आहेत. व्हरमाँटमधल्या एका ताईंच्या परसात शुगर मेपलची सहा झाडं आहेत. रस स्वयंपाकघरातल्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात आटवला तर चालेल का, असं त्या विचारतात. मॅसॅच्युसेट्सच्या एका जोडप्याला बारा-पंधरा तोट्यांच्या बेतानं सिमेंटच्या ब्लॉकचं चुलवण स्वतः बांधायचं आहे. ओंटारिओतल्या तिसऱ्या घरी पंचवीस तोट्या आहेत आणि दोन बाय चार फुटांचा तयार इव्हॅपोरेटर (रस आटवायची भट्टी आणि वर काहील) घ्यावा का, यावर घरात वाद आहे. सासऱ्यांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. ‘एवढ्याशा रसाला यंत्र कशापायी? काहील मांडा की!’ असं त्यांचं म्हणणं.

सासरेबुवा निम्मे बरोबर आहेत. काहील पसरट आणि उथळ असते, आणि इथेही तेच हवं. फरक रसात आहे. उसाच्या रसात शंभराला अठरा-वीस भाग साखर असते, शुगर मेपलच्या रसात जेमतेम दोन. व्हरमाँट विद्यापीठातल्या जोन्स यांनी १९४६ मध्ये एक सोपा हिशेब दिला, तो आजही चालतो : ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा, तितके लिटर रस आटवल्यावर एक लिटर सिरप मिळतं. दोन टक्क्यांच्या रसाला ४३ लिटर. रेड मेपल या दुसऱ्या जातीचा रस बहुधा आणखी पातळ असतो. दीड टक्का धरला तर ५७ लिटर. गुऱ्हाळात चिपाड फुकटचं, इथे सरपण तोडा, फोडा, वाळवा. त्यामुळे गुऱ्हाळातलं कौशल्य इथे नक्की उपयोगी पडेल, पण जळणाचा अंदाज मात्र तिथला धरू नका.

ताईंना आधी उत्तर देतो, कारण ते छोटं आहे : घरात आटवू नका. एक लिटर सिरपमागे चाळीस लिटर पाणी वाफ होऊन छताला लागणार. भिंतीवरचा कागद सुटतो, कपाटं फुगतात. ऊर्जेचंही बघा. थंड रस उकळीला आणून एवढ्या पाण्याची वाफ करायला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, सुमारे ३० युनिट वीज लागते. उघड्या बर्नरवर निम्म्याहून जास्त आच बाजूनं निघून जाते. ९ किलोच्या प्रोपेन टाकीत दोनेक लिटर सिरप झालं तरी पुष्कळ. सहा झाडांना एकेक तोटी लावली, तर तोटीखाली बादली टांगून हंगामभरात तोटीमागे ४० लिटरच्या आसपास रस, म्हणजे एकूण सहाएक लिटर सिरप. एवढ्यासाठी अंगणात दोन पसरट ट्रे मांडायचे, जाळ लाकडाचा. शेगडीचं काम फक्त शेवटच्या अर्ध्या तासाचं.

आता मुख्य मुद्दा. वाफ रसाच्या पृष्ठभागातून निघते आणि आच भांड्याच्या तळातून लागते. खोल पातेल्यात रस जास्त मावतो, आटतो मात्र सावकाश. शिवाय तासन्‌तास शिजून काळपट होतो. सपाट तळाच्या भांड्यात चांगल्या जाळावर चौरस फुटामागे तासाला पावणेचार लिटर पाणी उडतं. घरी बांधलेल्या चुलवणावर तीन लिटरच धरा. चांगल्या वाहत्या दिवशी तोटीमागे चार लिटर रस धरायचा आणि तो एका बैठकीत, चारेक तासांत आटला पाहिजे. सहा तोट्यांचे चोवीस लिटर दोन चौरस फुटांत होतात. पंधरा तोट्यांचे साठ लिटर पाच चौरस फुटांत. पंचवीस तोट्यांना आठ चौरस फूट, म्हणजे बरोबर दोन बाय चार. भांडं किती लिटरचं, हा प्रश्नच विचारू नका. तळ किती फुटांचा, ते विचारा.

मॅसॅच्युसेट्सकरांनी बुफेत जेवण गरम ठेवतात ते स्टीलचे पूर्ण आकाराचे ट्रे घ्यावेत. काठासकट साधारण २१ बाय १३ इंच, खोली सहा इंच घ्या. चार इंची ट्रेमधून रस लवकर उतू जातो. तीन ट्रे शेजारी शेजारी ठेवले की तुमचे पाच चौरस फूट भरले. ब्लॉकची पोकळी अशी ठेवा की ट्रे नुसते काठांवर टेकतील आणि तळ आगीवर लोंबेल. ब्लॉक गिलावा न करता नुसते रचा. ते तापून तडकतात, एक-दोन हंगामांत बदलावे लागतात, हे धरूनच चाला. आतून अग्निविटा लावल्या तर टिकतात आणि आचही आत राहते. जाळाखाली लोखंडी जाळी हवीच, म्हणजे राख खाली पडते आणि हवा खालून येते. मागच्या बाजूला विटांचा चढ करून जाळ ट्रेच्या तळाशी दाबायचा, नाहीतर ज्वाळा खालूनच धुराड्याकडे पळते. बहुतेक घरगुती चुलवणं इथेच फसतात : पुढचा ट्रे खळखळतो आणि मागचा नुसता कोमट. धुराडं चुलवणाच्या लांबीच्या दुप्पट तरी उंच ठेवा. तुमच्या सव्वातीन फुटी चुलवणाला सहा इंची नळकांडं, साडेसहा-सात फूट. ट्रे आणि ब्लॉकमधल्या फटी सिरॅमिक फायबरच्या पट्टीनं बुजवा, म्हणजे धूर रसात शिरणार नाही.

धुराड्याला हवेची ओढ चांगली असूनही उकळी मंद असेल तर दोष बहुतेक वेळा लाकडात सापडतो. मनगटाएवढ्या जाडीचं, खडखडीत वाळलेलं सरपण थोडं थोडं, दर सात-आठ मिनिटांनी घालायचं. मोठा ओंडका घालून निवांत बसलात तर उकळी बसते.

रस ट्रेमध्ये दीड-दोन इंच ठेवा, इंचाखाली कधीही जाऊ देऊ नका. तळाला लागायला दोन मिनिटं पुरतात आणि करपलेला पाक कशानंही सुधारत नाही. थंड रस एकदम ओतला की उकळी मोडते. म्हणून धुराड्याजवळच्या ट्रेमध्ये तो आधी तापवा आणि तिथून डावानं पुढे सरकवत न्या. सगळ्यात दाट रस एकाच ट्रेमध्ये जमेल. फेस वर आला तर लोण्याचा किंवा साजूक तुपाचा एक थेंब पुरे. रानभेंडीचा चिकट रस, चुना यांतलं काही इथे लागत नाही. ही गोष्ट सासरेबुवांना आधीच सांगून ठेवलेली बरी.

ओंटारिओकरांचा तयार इव्हॅपोरेटर हवा का? पंचवीस तोट्यांवर माझं मत ‘हो’कडे झुकतं, पण दोन अटींवर. एक, काहिलीत आडव्या पट्ट्या घालून कप्पे केलेले असावेत आणि रस एका टोकाला तरंगत्या झडपेनं आपोआप येत असावा. अशा काहिलीत रस नागमोडी सरकत जातो, दुसऱ्या टोकाला दाट होऊन पोचतो आणि तोटीतून काढता येतो. सारखी ओताओत करावी लागत नाही आणि रंगही उजळ राहतो. नुसती सपाट काहील आणि पत्र्याची पेटी एवढंच मिळत असेल तर पैसे वाचवा. जुनं तेलाचं पिंप आडवं कापून केलेलं चुलवण तेच काम करतं. पिंप आधी रिकामं जाळून आतला रंग नि तेल घालवलेलं मात्र हवं. दुसरी अट, येत्या दोन-तीन वर्षांत तोट्या वाढवायच्या असतील तरच घ्या. पंचवीसवरच थांबणार असाल तर तीन ट्रेंचं चुलवण आणि थोडी जास्त जागरणं एवढ्यात भागतं.

खर्च करायचाच असेल तर पाणी शुद्ध करायला वापरतात तसल्या, पण इथे रसातलं पाणी वेगळं काढणाऱ्या छोट्या आरओ यंत्राचाही विचार करा. दोन टक्क्यांचा रस चार टक्क्यांवर आणला की निम्मं पाणी आगीआधीच गेलं आणि निम्मं लाकूडही वाचलं. गरीब माणसाचा आरओ म्हणजे बादलीतला बर्फ : रात्री गोठलेला वरचा थर बहुतांशी पाणीच असतं, तो काढून टाका. रस मात्र ४ अंशांखाली ठेवा आणि दोन-चार दिवसांत आटवा. तो दुधासारखाच नासतो.

जुन्या बाजारातून सुंदर जुनी काहील घेण्याचा मोह अनेकांना होतो. जुन्या काहिलींच्या डाखात शिसं असतं, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यातून जस्त उतरतं आणि गरम आंबूस रस ते ओढून घेतो. खाद्यपदार्थांना चालणारं ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील, झाळकाम टिग वेल्डिंगचं, म्हणजे शिशाच्या डाखाशिवाय. यात तडजोड नको.

पाक झाला कधी म्हणायचं? बोटावरची तार इथे चालत नाही. सिरप गुळापेक्षा खूप आधी उतरवायचं असतं. त्या दिवशी साधं पाणी तुमच्याकडे किती अंशांवर उकळतं ते आधी मोजा, त्याच्या ४ अंश वर सिरप तयार. आपली काकवीही याच्याच जरा पुढे-मागे उतरवतात. उंची आणि हवेचा दाब बदलला की पाण्याचा उत्कलनबिंदू हलतो, म्हणून मोजणी दर वेळी नव्यानं. चुलवणावर दोनेक अंश अलीकडेच थांबा, पाक घरात आणा, शेगडीवर शेवट करा आणि हायड्रोमीटरनं (दाटपणा मोजायच्या तरंगत्या नळीनं) खात्री करून घ्या. ६६ ब्रिक्सपेक्षा, म्हणजे शंभराला ६६ भाग साखरेपेक्षा, पातळ राहिलं तर बुरशी धरते, फार दाट झालं तर बाटलीत खडे पडतात. तळाशी वाळूसारखं काही बसतं, ते झाडातलंच कॅल्शियमचं क्षार आहे. गरम असतानाच लोकरी फेल्टमधून गाळा आणि ८२ अंशांवर असताना बाटल्या भरून झाकणं लावा.

आग विझल्यावरही विटा तासभर धगधगत राहतात. ट्रे रिकामे करण्याची घाई करू नका, तळात पाणी किंवा ताजा रस ठेवूनच झोपायला जा. उघड्यावर जाळ करायला तुमच्या गावात परवाना लागतो का, ते अग्निशमन कार्यालयात विचारून घ्या.

आणि चुलवणाचं हे सगळं बांधकाम आधीच्या ऑक्टोबरात करा. फेब्रुवारीत जमीन दगडासारखी असते, चौथरा समपातळीत बसत नाही, आणि तिरप्या ट्रेमध्ये एका कोपऱ्यात दोन इंच रस तर दुसऱ्यात नुसता तळ.