वाचकांचे प्रश्न : यंत्र येईल, पण काजूबी कुठल्या पैशाने घ्याल?

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रं सिंधुदुर्गातली आहेत. माझी बँकेतली बहुतेक नोकरी याच जिल्ह्यातल्या शाखांमध्ये झाली. पहिल्या पत्रासारखे प्रस्ताव टेबलावर सतत येत, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर देतो.

प्रश्न : आमची कुडाळ तालुक्यात काजूची दीडशे कलमं आहेत, बहुतेक वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची. वर्षाला सव्वा टनाच्या आसपास बी निघते, ती व्यापारी सांगेल त्या दराने घालतो. मिस्टर मुंबईची नोकरी सोडून गावी आलेत. एका यंत्रविक्रेत्याने काजूप्रक्रियेचा १६ लाखांचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिलाय. शेड, बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर, पॅकिंग मिळून १३ लाख आणि ३ लाख खेळतं भांडवल. रोज एक पोतं बी फोडायची असा हिशेब आहे. माझ्या नावावर केलं तर ३५ टक्के सबसिडी, म्हणजे साडेपाच लाख परत मिळतील, असं तो म्हणतो. आमचा वाटा भरायला घरचं सोनं ठेवावं लागेल. सासूबाईंना हे पटत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, त्या रिपोर्टमधला खेळत्या भांडवलाचा ३ लाखांचा आकडा आधी बघा. बाकीची पानं सध्या बाजूला ठेवा.

बीचा दर दर हंगामाला खालीवर होतो, म्हणून हिशेबापुरता किलोला १२० रुपये धरू. ३ लाखांत अडीच टन बी येते. पोतं ८० किलोचं, म्हणजे एकतीस पोती. रोज एक पोतं फोडलं तर महिन्याभरात माल संपला. तुमच्या घरच्या सव्वा टनाची पंधरा पोती त्यात मिळवली तरी दीड महिना. वर्षातले अडीचशे दिवस युनिट चालवायचं तर २० टन बी लागेल, तिचे होतात २४ लाख. आणि ही सगळी बी होळीपासून पाऊस पडेपर्यंतच्या तीन महिन्यांत रोखीने घेऊन ठेवावी लागते, कारण त्यानंतर गावात बी राहत नाही. जी राहते ती व्यापाऱ्याच्या गोदामात, त्याच्या दराने.

काजूच्या धंद्याची खरी अडचण इथे आहे. खरेदी तीन महिन्यांत, विक्री बारा महिने. मधल्या काळात सगळा पैसा पोत्यांत अडकलेला. जिल्ह्यात जी युनिटं बंद पडलेली मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांची यंत्रं उत्तम स्थितीत होती. जुलैनंतर त्यांत घालायला बी नव्हती, आणि हप्ता मात्र पावसाळ्यातही चालू होता. विक्रेत्याला यंत्र विकायचं असतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये यंत्राची किंमत मोठी आणि बीची छोटी दिसते. तो खोटं लिहितो असं मी म्हणत नाही. पण एप्रिलमध्ये बी कुठल्या पैशाने घेणार, हा प्रश्न त्याचा नाही, तुमचा आहे.

आता सबसिडीचं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के, हे खरं आहे. १६ लाखांवर अनुदान ५ लाख ६० हजार आणि तुमचा वाटा ८० हजार. बाकीचे १५ लाख २० हजार बँक देते. पण अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने अडकवून ठेवतात. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे असं दिसलं तरच ते कर्जखात्यात जमा होतं. त्या पैशातून एक पोतं बीसुद्धा घेता येणार नाही, म्हणून "परत मिळतील" हा शब्द डोक्यातून काढून टाका. आणि अर्जासाठी कुणाला टक्केवारी देऊ नका. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा.

माझं मत विचाराल तर हा हंगाम यंत्राशिवाय काढा.

घरच्या पंधरा पोत्यांतली निम्मी नेहमीसारखी विका. घरखर्चाला लागतात, ते मला माहीत आहे. उरलेली सात-आठ पोती तालुक्यातल्या एखाद्या चालू युनिटमधून मजुरीवर फोडून घ्या. तिथे माल टाकून घरी येऊ नका, थांबा. बीला वाफ किती वेळ देतात, वाफवलेली बी रात्रभर पसरून थंड करतात की घाईने गरमच फोडायला घेतात, ते बघा. घाई झाली की गर तुटतो. हाताने आणि पायाने चालणाऱ्या कटरवर सराईत बाई किती अख्खे गर काढते आणि नवखी किती, तेही बघा. या धंद्यातला नफा अख्खा गर, पाकळी (गराची अर्धी फाक) आणि तुकडा यांच्या प्रमाणावर ठरतो. तुकड्याला अख्ख्याच्या मानाने बराच कमी भाव येतो. डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० हे गराच्या प्रतींचे आकडे म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात ते. आकडा लहान तितका गर मोठा आणि दर जास्त. वेंगुर्ला-७ चा मोठा गर तुमच्या घरचाच आहे, तो बारीक मालात मिसळू देऊ नका.

फोडायला देण्याआधी घरी एक चाचणी करा. एक किलो वाळलेली बी मोजून घ्या आणि तिचे नग मोजा. वेंगुर्ला-४ ची एक बी साडेसात-पावणेआठ ग्रॅमची, म्हणजे किलोत एकशे तीसच्या आसपास नग. वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमची, म्हणजे शंभर. दोनशेच्या पुढे गेले तर माल बारीक आहे. मग हाताला खोबरेल लावून आडकित्त्याने एकेक बी उभी चिरा. दाभणाने गर काढा आणि चांगला, पोचा, डागाळलेला, किडका असे चार ढीग करा. फक्त चांगल्या ढिगाचं वजन करा, आणि त्यातूनही गरावरची पातळ साल आणि ओलावा पुढे जाणार हे धरा. ८० किलोच्या पोत्यातून २० किलो गर पडला, म्हणजे २५ टक्के उतारा, तर नुसत्या बीचाच खर्च गराच्या किलोमागे ४८० रुपये. तोच उतारा २२ टक्क्यांवर आला तर साडेसतरा किलो गर आणि किलोमागे ५४५ रुपये. मजुरी, जळण, पॅकिंग, तूट सगळं याच्या वर. बाहेरची बी घ्यायची वेळ येईल तेव्हा प्रत्येक ढिगातून असा नमुना काढल्याशिवाय दर बोलू नका.

गर हातात आला की तो कोण घेतं ते या वर्षीच कळू द्या. चंदगड-आजऱ्याकडचे आणि गोव्यातले मोठे कारखाने आफ्रिकेतून, म्हणजे आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियातून आलेली बीही फोडतात आणि बारा महिने चालतात. दरात तुम्ही त्यांच्याशी टिकणार नाही, टिकायचा प्रयत्नही करू नका. तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. मिस्टरांच्या मुंबईच्या ऑफिसातली माणसं, नातेवाइकांच्या सोसायट्या, मालवणला येणारे पर्यटक. सालीसकट भाजलेला काजू पर्यटक आवडीने घेतात आणि त्यात साल सोलायची मजुरीही वाचते. 'वेंगुर्ला काजू'ला भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाने विकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती करून घ्या.

घरच्या बीपैकी काही भाव वाढेपर्यंत ठेवायची असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. पणन मंडळाच्या या योजनेच्या यादीत काजूबी आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी उचल मिळते. ती फक्त शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालावर. काजूबीला किलोमागे उचलीची मर्यादा ठरलेली असते, ती विचारून घ्या.

सोन्याबद्दल स्पष्ट लिहितो. यंत्रासाठी सोनं ठेवू नका. यंत्रात गेलेला पैसा वर्षानुवर्षं मोकळा होत नाही, आणि तोवर सोन्यावरचं व्याज चढत राहतं. सोनं ठेवायचंच तर पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बी घ्यायला ठेवा. चतुर्थी आणि दिवाळीला गर विकला की सोडवून आणा. सासूबाईंना हा फरक समजावून सांगा. त्यांचा विरोध धंद्याला नसून दागिना कायमचा अडकण्याला असेल, असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी बँकेत जाल तेव्हा प्रस्ताव उलटा मांडा. यंत्रं निम्मी, दिवसाला अर्ध्या पोत्याची. आणि बीसाठी वेगळी कॅश क्रेडिटची मर्यादा मागा, मार्च ते मे उचलायची आणि माल विकेल तशी भरत जायची. या वर्षी फोडलेल्या पोत्यांची मजुरीची पावती, उताऱ्याची वही आणि गिऱ्हाइकांनी फोनवर पाठवलेल्या पैशांचं खातं सोबत जोडा. सात पोत्यांचा असा खरा हिशेब मॅनेजरला सोळा लाखांच्या छापील रिपोर्टपेक्षा जास्त पटतो, हे मी त्याच खुर्चीत बसून सांगतोय. मर्यादा मंजूर झाली की साठ्याचा विमा उतरवा. टरफलात तेल असतं, पेट घेतलं की आवरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेली नसते. ते टरफलाचं तेल हात भाजून काढतं. बी फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी काळी पडून सोलवटलेली मी पाहिली आहे. राख किंवा तेल लावून त्या दिवसभर बसतात. तुमच्या युनिटमध्ये पहिल्या दिवसापासून हातमोजे आणा. मोज्यांनी काम हळू होतं म्हणून बायका ते काढून ठेवतात. म्हणून मजुरी किलोवर असली तरी मोजे घालून जेवढं काम होतं त्यावर दर ठरवा. हा खर्च हिशेबात धरूनही धंदा बसत असेल तरच तो करा, असं मी कळकळीने सांगतो.

प्रश्न : मालवण तालुक्यातल्या वाडीवर माझं किराणा दुकान आहे. उधारी १ लाख ४० हजारांवर गेली. बऱ्याच घरांत म्हातारी माणसं, मुलगे मुंबईला. चतुर्थीला चाकरमानी आले की काही जण चुकते करतात, काही "पुढच्या वेळी" म्हणून निघून जातात, आणि सणाचा माल पुन्हा उधारच नेतात. मला माल देणारा आठ दिवसांवर थांबत नाही. उधारी बंदचा बोर्ड लावू का?

उत्तर : भाऊ, बोर्ड लावू नका. वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसाला तालुक्याच्या बाजारात जायचं तर रिक्षाचं भाडं परवडत नाही. तुमचं दुकान त्यांना लागतं, आणि तुमचंही दुकान त्यांच्यावरच चालतं. मात्र उधारी कोणाच्या नावावर आहे ते बदला. ती म्हातारीच्या नावावर आहे आणि पैसे मुलाकडे आहेत, घोळ तिथे होतो.

या चतुर्थीला मुलगे येतील तेव्हा प्रत्येकाबरोबर पाच मिनिटं एकट्याने बसा, चारचौघांत विषय काढू नका. आईला महिन्याला साधारण किती सामान लागतं ते वहीतून दाखवा आणि सांगा, "पगार झाला की एवढे थेट माझ्या फोनवर टाक, आईला मी काही कमी पडू देणार नाही." बहुतेक मुलगे तयार होतात. आईकडे पाठवलेले पैसे औषधाला जातात की आणखी कशाला, हे त्यांना मुंबईत कळत नाही. सामान वेळेवर पोचतं एवढी खात्री त्यांना हवीच असते. जुन्या बाकीचे तुकडे पाडून दर महिन्याला थोडे मागा.

वही दोन ठेवा, एक दुकानात आणि एक गिऱ्हाइकाच्या घरी. माल दिला की दोन्हींत लिहायचं. जुन्या बाकीवर सही घ्या. दुकानाच्या उधारीसाठी दावा करायची कायद्यातली मुदत तीन वर्षं आहे, ती संपण्याआधी बाकी कबूल असल्याची लेखी सही मिळाली तर मुदत नव्याने सुरू होते. वाडीवरच्या माणसावर तुम्ही दावा लावणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण सही केलेला आकडा माणूस विसरत नाही.

सणाचा माल मात्र निम्मे रोख घेतल्याशिवाय देऊ नका, सख्ख्या चुलत्यालाही नाही. तूप, गूळ, रवा, तेल यांत तुमचे एकदम इतके पैसे अडकतात की पुढचे दोन महिने साधं मीठ-साखर भरायला तुम्हीच उसने मागत फिरता.

प्रश्न : मी कोकमाचं आगळ घरी करते आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांतून विकते. पुण्याच्या एका दुकानाने दोनशे बाटल्या मागितल्या, पण लेबल हवं म्हणतात. काय काय लागेल?

उत्तर : मावशी, पहिल्यांदा त्या वापरलेल्या बाटल्या बंद करा. आगळ आंबट आणि खारट, ते महिनोन्महिने बाटलीत राहणार. खाद्यपदार्थांसाठीची नवी बाटली आणि सीलचं झाकण घ्या आणि त्याचा खर्च दरात धरा. अन्न सुरक्षा नोंदणी ऑनलाइन होते, छोट्या घरगुती उद्योगाला वर्षाला शंभर रुपये फी आहे. गावातल्या सेवा केंद्रात आधार कार्ड आणि फोटो घेऊन जा. लेबलवर पदार्थाचं नाव, त्यात काय आहे (कोकमाचा रस, मीठ), निव्वळ माप, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, किती महिन्यांत वापरावं, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता-फोन, शाकाहाराची हिरवी खूण आणि चौदा आकडी नोंदणी क्रमांक एवढं तरी हवं. दोनशे बाटल्या एकदम पाठवू नका. आधी पन्नास पाठवा, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. आणि बाटली फुटली तर नुकसान कोणाचं, ते त्या दुकानदाराकडून फोनवर लिहून घ्या.