विश्वास असूनही नैराश्य जात नाही, मग देवाकडून आधार मिळतो तरी कसा?

तुम्ही लिहिलंय की औषधं चालू आहेत, पण प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत आणि चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडतोय. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

मला हेच माझ्या सख्ख्या दादाने ऐकवलं होतं. तो पाळक (चर्चचा पास्टर) नाही, पण घरी प्रार्थनासभा चालवतो. माझं नैराश्य जावं म्हणून तीन दिवस उपास-प्रार्थना झाली, डोक्यावर हात ठेवले गेले आणि शेवटच्या संध्याकाळी तो म्हणाला, ऊठ, साक्ष दे. मी उठले. प्रभूने मला बरं केलं, असं भरल्या खोलीत सांगितलं. सगळे आमेन म्हणाले. खोटं बोलत नव्हते हो, त्या घटकेला खरंच तसं वाटलं होतं. पण अशी साक्ष दिल्यावर गोळी कोणत्या तोंडाने घेणार? त्याच रात्री बंद केली.

महिन्याभरात अंथरूण धरलं. केस विंचरायला हात उचलत नव्हता. त्यात आता आजारासोबत त्या साक्षीचंही ओझं. दादा यायचा, उभ्या उभ्या ‘सर्वदा आनंदित असा’ म्हणायचा आणि निघून जायचा.

वहिनी मात्र काही बोलायची नाही. एका दुपारी ती उशाशी बसली आणि बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचायला लागली. माझा जीव कष्टांनी भरलाय, मी मेलेल्यांत जमा झालोय, माझी माणसं तू माझ्यापासून तोडलीस, असं तो माणूस देवालाच सुनावतो. मी शेवटाची वाट बघत होते. स्तोत्रात कितीही रडगाणं असो, शेवटी ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ येतंच ना! इथे आलंच नाही. काळोखावरच संपलं.

“पुढे?”

“एवढंच आहे.”

मी रडले. कित्येक आठवड्यांत रडूसुद्धा आलं नव्हतं. आधार म्हणतात तो मला तिथे मिळाला. एवढी तक्रार देवाने आपल्या पुस्तकात राहू दिली, तिला गोड शेवट चिकटवला नाही, तर माझीही ऐकून घेईल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी वहिनीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांनी बायबलमधल्या एलीयाचं काय करायचं ते सांगावं. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवणारा संदेष्टा पुढच्याच अध्यायात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून खायला घालतो. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा ७ दिवस, ७ रात्री त्याच्याजवळ गप्प जमिनीवर बसले होते, तोवर ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. (दादा, वाचत असशील तर हे तुझ्यासाठी आहे. आणि ज्या इंग्रज धर्मोपदेशक स्पर्जनची प्रवचनं तू सगळ्यांना वाचायला देतोस, तो जन्मभर नैराश्याशी झगडला. १८५६ मध्ये लंडनला त्याच्या सभेत कुणीतरी ‘आग! आग!’ अशी खोटी ओरड केली, चेंगराचेंगरीत ७ जण मेले. तो २२ वर्षांचा होता, पार कोलमडला. त्याचाही विश्वास कमी होता का?)

तुमचा प्रश्न राहिलाच. शब्द येत नसतील तर उसने घ्या. स्तोत्र ४२ वं घ्या, ८८ वं घ्या, मोठ्याने वाचा, भावना आली नाही तरी चालेल. तेही जमत नसेल तर दुसऱ्याला वाचायला सांगा. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, तेव्हा येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असं मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो. खाटेवरच्याने तोंडही उघडलं नव्हतं. मोठ्या सभेत करमत नसेल तर काही दिवस जाऊ नका, मागच्या बाकावरून लवकर उठा. साक्ष द्यायचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा.

हो, आणि मी डॉक्टर नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि डॉक्टरांना न विचारता त्या एकदम सोडू नयेत, एवढं मी पोळून शिकलेय. जीव नकोसा वाटत असेल तर स्तोत्र बाजूला ठेवा, आजच घरच्या कुणाला तरी जवळ बसवा आणि डॉक्टर गाठा. सगळ्या मंडळ्या आमच्या घरासारख्या नसतात हेही खरं. आमच्या पाळकांनीच नंतर दादाला सांगितलं की शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

दादाने परवा पुन्हा साक्ष द्यायला बोलावलं. म्हटलं, येते, पण गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उभी राहीन. अजून त्याचा फोन आलेला नाही.