कुलूप होतं की हो!

"मॅडम, कुलूप होतं की हो तिथे! मी बघूनच पैसे भरले." समुपदेशनाला आलेल्या त्या बाई पहिल्याच भेटीत हे तीनदा म्हणाल्या. अनोळखी साइटवरून बूट मागवले, पैसे थेट बँक खात्यात पाठवले आणि आठवड्याभरात साइटच गायब. लाज वाटली म्हणून बँकेलाही आठ दिवस कळवलं नाही. तेव्हापासून काही घ्यायचं म्हटलं की तासन्‌तास रिव्ह्यू वाचायच्या आणि शेवटी सगळं बंद करून टाकायच्या. "दुकान खरं की खोटं, हे आधी कळतं तरी का?"

आधी कुलपाचं बोललो, म्हणजे ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या त्या चिन्हाचं. ते एवढंच सांगतं, की तुमचं आणि साइटचं बोलणं वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे चोर असला तर चोराशीच सुरक्षित बोलणं! त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, भामट्यालाही. लोकांचा यात इतका गैरसमज होता, की २०२३ मध्ये गूगलने क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून ते चिन्ह काढलं. हे ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे मी एकटीच नाही."

मग कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे दुकानदाराला स्वतः लिहिता येईल ते, उजवीकडे त्याच्या हातात नसलेलं. जुन्या स्क्रीनशॉटवरून डावी बाजू भराभर भरली: पाच तारे, गोड अभिप्राय, 'शेवटचे दोनच शिल्लक', उलटं धावणारं घड्याळ, 'बारा वर्षांचा विश्वास'. उजवी कोरी.

ती त्यांनीच हळूहळू भरली. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, नोंदणीची तारीख बहुतेक वेळा कोणालाही शोधता येते. त्या साइटची जेमतेम वीस दिवसांची निघाली. (जुनं डोमेन विकतही मिळतं, तेव्हा नुसत्या तारखेवर भिस्त नको.) फोटो टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधलं, तर तोच बूट भलत्याच दुकानात. साइटबाहेरच्या तक्रारी. आणि पैसे कसे मागतात ते: क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे हरकत घेता येते, खात्यात पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड.

तपासायला पंधरा मिनिटं ठरवली. तेवढ्यात उजवीकडे काही आलं नाही, तर दुकान सोडायचं. जास्त वाचून त्यांची माहिती वाढत नव्हती, धडधड तेवढी वाढत होती.

परवा येऊन म्हणाल्या, "एक दुकान दहा मिनिटांत सोडलं. खात्यातच पैसे टाका म्हणत होते."

"घरी सांगितलं?"

"हे सांगितलं. बुटांचं अजून नाही."

पुढची भेट तिथूनच.